कालच्या उन्हाची आंघोळ

१९९४ साल. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो आणि तांब्याबद्दल मला न कळणारं असं काही जगात उरलेलं नाही, याची मला खात्री होती.

शाळा माझी तिसरीत सुटली. सुटली म्हणजे वडलांनी सोडवली. चिकपेटच्या मागच्या गल्लीत आमचं तांब्याचं दुकान, दुकानामागे भट्टी. पणजोबा का त्यांचे वडील साताऱ्याकडून या बेंगळुरात आले, ते हातोडा घेऊनच आले. तेव्हापासून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. कन्नड घरांना आम्ही हंडे करून द्यायचो, लग्नकार्याला घंगाळी, आणि मराठी घरांना बंब. आता नातवंडांना बंब म्हणजे काय ते सांगावं लागतं. तांब्याचं उभं पिंप, मधोमध धुराची नळी, खाली निखारे, पोटात पाणी, बाजूला पितळी तोटी. मी किती बंब केले ते मोजलं नाही. पण माझ्या हातचा बंब गळतो म्हणून कोणी परत आणल्याचं आठवत नाही.

राजाजीनगरात घर बांधलं तेव्हा न्हाणीघरासाठी मी एक बंब केला. रात्रीचं दुकान बंद झाल्यावर नव्हे, भर दिवसा, गिऱ्हाईक खोळंबवून केला. त्यावरचे मठारकामाचे ठोके एका मापाचे, जणू मक्याच्या कणसाचे दाणे. बायको रोज सकाळी तो पेटवायची आणि दर सणाला चिंच लावून घासायची. घासल्यावर तो असा झळकायचा की न्हाणीघरात दिवा लावायची गरज नाही, असं मी पाहुण्यांना सांगत असे. पाहुण्यांना न्हाणीघर दाखवणारा माणूस राजाजीनगरात मी एकटाच असेन.

त्या वर्षी आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, सकाळी आंघोळीला हाक आली नाही म्हणून मी मागे गेलो. न्हाणीघर धुरानं भरलेलं. बायको बंबाशेजारी जमिनीवर बसलेली, पाठ भिंतीला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. ती श्वास आत ओढत होती आणि तो आत जात नव्हता. छातीतून शिट्टीसारखा आवाज. मला बघून तिनं एका हातानं बंबाकडे खूण केली. मला वाटलं, विझवा म्हणतेय. नंतर कळलं, पाणी तापलंय, आंघोळ करून घ्या, असं म्हणत होती.

डॉक्टर आमच्याच गल्लीतले, तोंडावर बोलणारे. दुकानदाराला इथे 'यजमानरे', म्हणजे मालक, म्हणतात. म्हणाले, "यजमानरे, चाळीस वर्षं धूर गिळलाय यांनी. आता एक काडीसुद्धा पेटवायची नाही. आणि गार पाणी अंगावर घ्यायचं नाही. दोन्हीपैकी एक जरी केलंत तर पुढच्या वेळी मला न बोलवता थेट इस्पितळात न्या."

बायको पलंगावरून म्हणाली, "धनुर्मास आलाय."

"अजून दोन महिने आहेत, अक्का," डॉक्टर म्हणाले.

"दोन महिन्यांनी येईलच की."

धनुर्मासाचं सांगायला हवं. मार्गशीर्षाच्या त्या महिन्यात आमच्याकडे रोज सूर्य उगवायच्या आत आंघोळ, पूजा, आणि हुग्गीचा, म्हणजे मिरी घातलेल्या मुगाच्या खिचडीचा, नैवेद्य. आकाशात चांदण्या असतानाच घंटा वाजली पाहिजे. हिनं लग्न होऊन आल्यापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं, बाळंतपणाची वर्षं सोडून. आणि बेंगळुरातला त्या दिवसांतला पहाटेचा गारठा, नळाला हात लावला की बोटं दुखतात. ती म्हणाली, "गरम मिळालं तर गरम, नाहीतर गार. पण पूजा होणार." ती माझ्यासारखी आवाज चढवत नाही. हळू बोलते, आणि मग ते तसंच होतं. हट्टी मी आहे असं सगळे म्हणतात, कारण माझा आवाज ऐकू जातो.

म्हणजे दोन महिन्यांत मला पहाटेचं गरम पाणी हवं होतं, ज्याला धूर नाही. एवढाच प्रश्न.

मुलगा पीण्याला, शहराच्या टोकाच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात कामाला. तो संध्याकाळी विजेचा गीझर घेऊन आला. पांढरा पत्र्याचा डबा. मी म्हटलं, "बंब करणाऱ्याच्या घरात हा डबा?"

मुलगा म्हणाला, "अप्पा, आईच्या छातीत शिट्टी वाजतेय आणि तुम्ही डब्याचं बघताय."

गीझर भिंतीवर चढला. त्या वर्षी पहाटे वीज जायची. रोज नाही, पण कधी जाईल त्याचा नेम नसायचा, आणि जायची ती नेमकी पाण्याच्या वेळेला. पहिल्याच आठवड्यात तीन सकाळी डबा गार. खरं लिहायचं तर मला आतून बरं वाटलं. मी डब्यावर बोटानं टकटक केलं, कसा पोकळ वाजतो ते सर्वांना ऐकू जावं म्हणून. आणि चौथ्या दिवशी पहाटे मला खोकल्यानं जाग आली. मागे गेलो तर बंब पेटलेला. ही तोंडाला पदर लावून, फुंकणी हातात.

"अगं, काडी लावायची नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"वीज नाही. गॅसवर तापवलं तर सिलिंडर महिन्याच्या आत संपतो, मग स्वयंपाक कशावर करू?" दम खाऊन ती पुढे म्हणाली, "आणि हा तुमच्या हातचा आहे. हा असा गार बसलेला तुम्हाला बघवत नाही. मला कळतं ते."

त्या दिवशी मी बंबाची खालची जाळी काढून दुकानात नेऊन ठेवली. आणि ठरवलं, आता मीच बघतो.

पहिल्यांदा गेलो शेजारच्या अण्णांकडे. त्यांच्या मागच्या अंगणात तेव्हा चार गायी होत्या. राजाजीनगरात अजून अशी घरं होती. त्यांनी शेणाच्या गॅसची विहीर बांधून घेतली होती, हे मला माहीत होतं. पण शेणाच्या विहिरीत काय बघायचं, म्हणून मी कधी गेलो नव्हतो. अण्णांनी आत नेलं, शेगडीची चावी फिरवली, काडी लावली. निळी ज्योत. धूर नाही, वास नाही, भांड्याचं बूड स्वच्छ. मी खाली वाकून बराच वेळ बघत राहिलो. शेणातून एवढी नितळ आग निघते, हे मला बासष्ट वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या भट्टीत अशी ज्योत आणायला मी भात्याशी किती झगडलोय.

"अण्णा, यातून आमच्या घरालाही नळी देता येईल?"

अण्णा हसले. "यजमानरे, चार गायींवर आमची दोन वेळची चूल कशीबशी चालते. थंडीत तर विहीर आणखी आळसावते. तुम्हाला पाहिजे तर तुम्हीही चार गायी बांधा. जागा नाही म्हणता? गच्ची आहे की."

त्यांच्या बायकोनं आतून हसून घेतलं. मीही हसलो, पण घरी येऊन गच्ची एकदा बघून आलो.

मग वारा. गावाबाहेर एका शेतावर वाऱ्यानं फिरणारी पाणी ओढायची चक्की मी पाहिली होती. मला वाटलं, वारा तर आमच्या गच्चीवरही आहे. बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मी काठीला बांधली आणि रोज पहाटे, दुपारी, संध्याकाळी वर जाऊन बघू लागलो. आषाढात आमच्याकडे वारा असा सुटतो की वाळत घातलेलं धोतर दुसऱ्या गल्लीत सापडतं. पण आता कार्तिक. पट्टी पहाटे लोंबत असायची, दुपारी जरा हलायची, संध्याकाळी पुन्हा लोंबायची. पंधरा दिवस बघितलं. सोळाव्या दिवशी काठी सोडून आणली.

सून म्हणाली, "बाबा, सूर्य का नाही बघत?"

सून पुण्याची. इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिचं मराठी ऐकून माझ्या बहिणी मागे तोंड दाबून हसायच्या, आणि आमचं मराठी ऐकून ती समोरच हसायची. मी म्हटलं, "पूजा सूर्य उगवायच्या आधी आहे. जो उगवलाच नाही तो पाणी कसा तापवेल?"

"कालचा तापवेल. पाणी काल तापवायचं आणि गरम ठेवायचं. पीण्यात अशी यंत्रं बनतात. यांना विचारा."

मुलगा म्हणाला, त्याच्या कारखान्याच्या मागच्या रस्त्यावरच एक शेड आहे. मी म्हटलं, चल.

शेड लहानच होती. चार-पाच माणसं, पत्रे कापायचा आवाज, एका कोपऱ्यात काचा रचलेल्या. मालक चाळिशीचा, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, हाताला भाजल्याचे डाग. हात बघूनच मला माणूस बरा वाटला. त्यानं बाकावर एक अर्धवट पेटी ठेवली होती. लांब, चपटी, दाराएवढी. मी आत बघितलं आणि दोन पावलं मागं आलो.

आत तांबं होतं.

तांब्याच्या नळ्या, शेजारी शेजारी, वर एक आडवी आणि खाली एक आडवी. नळ्यांना झाळून बसवलेला तांब्याचा पातळ पत्रा. नवा, लाल, अजून हवेनं डाग न पडलेला. स्टीलची भांडी आली, प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या, गीझर आले. आमच्या गल्लीत अकरा दुकानं होती, तिथे तीन उरली होती. तांब्याचा जमाना सरला, असं मी स्वतःच्या तोंडानं म्हणायला लागलो होतो. आणि हे लोक सूर्याला धरायला निघाले होते, ते तांबं घेऊन. मी पत्र्यावर हात ठेवला. का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. मुलगा दुसरीकडे बघू लागला.

मालकानं सगळं दाखवलं. टाकी वर, पेटी खाली. टाकीच्या बुडातून गार पाणी पेटीच्या खालच्या टोकाला येतं, तापलं की वरच्या टोकातून टाकीत जातं.

"पंप कुठे आहे?" मी विचारलं.

"पंप नाही."

"मग वर कोण ढकलतं?"

"कोणी नाही. गरम पाणी हलकं होतं, आपोआप वर जातं. गार जड, ते खाली येतं. ऊन असेपर्यंत फिरत राहतं."

मी त्याच्याकडे असं बघितलं जसं दुकानात खोटं तांबं विकायला आलेल्या माणसाकडे बघतो. पाणी आपोआप वर जातं म्हणे. पण ते बोलून दाखवलं नाही, कारण तोवर माझा दुसराच विचार झाला होता. मी झाळीचा सांधा नखानं तपासला.

"इथे झाळ जाड झालीय," मी म्हटलं. "आणि इथे पोचलीच नाही. पेटी तुमच्याकडून नको. मी करतो. माझी मी करतो."

त्याला राग आला नाही. उलट हसला. "करा की, यजमानरे. तुमच्यासारखा हात आमच्याकडे नाही. फक्त एक गोष्ट सांगतो, पत्रा बसवून झाल्यावर..."

"तांब्याचं मला शिकवू नका," मी म्हटलं आणि उठलो.

बसमध्ये मुलगा म्हणाला, "अप्पा, तो काय सांगत होता ते ऐकून तरी घ्यायचं."

मी बोटांवर नळ्या मोजत होतो.

पुढचे तीन आठवडे मी जसं काम केलं तसं वयाच्या तिशीतही केलं नसेन. दुकानातला चांगला पत्रा काढला. नळ्या चिकपेटातूनच आणल्या. झाळ अशी दिली की सांधा कुठे आहे ते दिवा धरून शोधावं लागेल. सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली, खाली नारळाचा काथ्या भरला. टाकी म्हणून दुकानातला सगळ्यात मोठा हंडा घेतला, त्याला झाकण बसवलं, भोवती मोठं पिंप, मध्ये लाकडाचा भुसा ठासून. आणि पत्रा नुसता कसा ठेवणार? त्यावर मठारकाम केलं. मक्याचे दाणे. शेवटी, काच लावायच्या आधी, चिंच भिजत घातली आणि सगळं घासून काढलं, अगदी आयुधपूजेला घासतात तसं. देवापुढे ठेवायची वस्तू मळकी ठेवायची नाही, आणि ही तर थेट सूर्यापुढे ठेवायची होती.

गच्चीवर पेटी चढवली त्या दिवशी सगळी गल्ली बघायला आली. ऊन पडलं आणि पेटी अशी पेटली की बघणाऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले. मी कंबरेवर हात ठेवून उभा होतो.

संध्याकाळी तोटी उघडली. पाणी कोमट. ताप आलेल्या माणसाच्या हाताइतकंसुद्धा नाही.

म्हटलं, पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशी काच पुसली, पेटी जरा फिरवून दक्षिणेकडे नीट केली. कोमट. तिसऱ्या दिवशी पत्रा पुन्हा चिंचेनं घासला. आदल्या दिवसापेक्षाही गार. धनुर्मासाला पाच दिवस राहिले होते.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा आले. त्यांच्या घराला आमच्याहून एक मजला जास्त. पायरीवर उभं राहून म्हणाले, "यजमानरे, स्वल्प तक्रार आहे."

"काय झालं?"

"तुमचा सूर्य माझ्या माडीवर येतोय. सकाळी उठून बघतो तर भिंतभर मासे पोहतायत. उजेडाचे. बायको म्हणते, खोली इतकी तापते की पंखा लावावा लागतो. डिसेंबरात."

मी त्यांच्याबरोबर माडीवर गेलो. खरंच, भिंतीवर माझे मक्याचे दाणे नाचत होते. शेकडो कवडसे. इतके सुंदर की मी मिनिटभर बघतच राहिलो, आणि आपल्या हातचं काम दुसऱ्याच्या भिंतीवर बघून छाती फुगली, तेही लिहायला हवं. ऊन माझ्या पेटीत येऊन अण्णांच्या घरी राहायला जातंय, हे त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं नाही.

ते शिरलं दुपारी. बायको गच्चीवर आली. तिला जिना चढायची मनाई होती. एका पायरीवर थांबत, श्वास घेत, पुन्हा चढत ती आली. मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या बघायला, असं म्हणाली. कठड्याशी एक जुना हंडा पालथा पडला होता. चुलीवर वापरून वापरून त्याचं बूड कोळशासारखं झालेलं, त्यावरची काजळी आता घासूनही निघायची नाही. मिरच्यांची चटई ओढायला ती तो बाजूला करायला गेली आणि हात झटकन मागे घेतला.

"काय गं?"

"चटका बसला." तिनं बोटं तोंडाजवळ नेली. मग माझ्या पेटीकडे बघितलं. चालत आली, काच मी पुसायला काढूनच ठेवली होती, आणि तिनं माझ्या झळझळीत पत्र्यावर तळवा टेकवला. तसाच ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "हे काही तापत नाही. ते काळं तापतंय."

मी त्या पालथ्या हंड्याला हात लावला आणि तसाच मागे घेतला.

"चाळीस वर्षं काजळी खरवडत आले," ती दम घेत म्हणाली. "तिच्यात एवढी ऊब धरायची ताकद आहे, हे मला कुठं माहीत."

संध्याकाळी सून शाळेतून आली. मी तिला विचारलं तेव्हा ती जरा घुटमळली. "मी पहिल्याच दिवशी बोलणार होते, बाबा. पण तुम्ही चिंच घेऊन बसला होतात. आणि इतकं सुंदर केलं होतं तुम्ही. म्हटलं, होईल थोडं तरी गरम." मग ती शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "चकाकतं ते ऊन परत पाठवतं. काळं आत घेतं."

"पीण्याचा माणूस हेच सांगत होता?"

"बहुतेक."

ती उठून आत गेली आणि एक डबा घेऊन आली. शाळेतला फळ्याचा रंग. सुट्टीत फळे रंगवले होते त्यातला उरलेला. मागून आणला होता तिनं, दोन दिवस झाले होते आणून. ती माझी वाट बघत होती.

तांब्याला काळा रंग. कसं सांगू. आम्ही तांब्यावर डाग पडला तर जेवण सोडून उठणारी माणसं. माझ्या वडलांनी एकदा गिऱ्हाइकाला हंडा परत दिला नाही, कारण त्यानं तो काळा करून आणला होता. मी ब्रश हातात घेऊन गच्चीवर बसलो आणि ऊन पार जाईपर्यंत बसूनच होतो. खालून बायकोचा खोकला ऐकू येत होता. जिना चढल्याचा होता तो. पाचव्यांदा की सहाव्यांदा खोकला आला तेव्हा मी ब्रश बुडवला.

मक्याचे दाणे एकेक ओळ करून बुजले. शाळा तिसरीत सुटल्यापासून फळ्याशी माझा संबंध आला नव्हता. आता माझ्यापुढे हा एवढा मोठा फळा तयार झाला, आणि त्यावर लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

रंग वाळायला दोन दिवस दिले. मग काच बसवली, पाणी भरलं. सकाळी दहाला मी वर जाऊन बसलो. पेटी आता कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हती. अण्णांच्या भिंतीवर काही नव्हतं. गच्चीवर एक काळा चौकोन, बस. तासाभरानं मी खालच्या नळीला हात लावला, गार. वरच्या नळीला लावला, आणि पीण्याच्या माणसाची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. ऊबदार होती. पाव तासानं कढत. मी टाकीच्या जवळच्या टोकाला हात लावला, तिथेही ऊब पोचली होती. पाणी चढत होतं. पंप नाही, भाता नाही, फुंकणी नाही, कुणी ढकलत नाही, आणि पाणी आपल्या पायांनी वर चाललं होतं. मी नळीला कान लावला. काही आवाज नव्हता. आयुष्यभर मी पाणी तापवायची भांडी केली, आणि पाण्याला आत असं चालता येतं हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या प्रत्येक बंबात, प्रत्येक हंड्यात ते असंच फिरत असणार, खालून वर, वरून खाली, आणि मी बाहेरून ठोके मोजत होतो.

मुलगा जेवायला बोलवायला आला. मी म्हटलं, "सरी, बरं, येतो." आणि गेलो नाही. ताट वर आलं. दुपारी बायकोही आली, तशीच थांबत थांबत. मी तिचा हात धरून वरच्या नळीला लावला.

ती कठड्याला टेकून बसली. आम्ही दोघं त्या काळ्या चौकोनाकडे बघत बसलो. सिनेमाला गेलो नव्हतो इतक्या वर्षांत, पण गेलो असतो तर असेच बसलो असतो.

धनुर्मासाच्या पहिल्या दिवशी पहाटे मी तिच्या आधी उठलो. अंगणात श्वासाची वाफ दिसत होती. नळाचं पाणी बर्फ. वीज गेलेली होती, अर्थातच. न्हाणीघरात वरून आणलेली नळी होती. मी घंगाळ खाली ठेवलं आणि तोटी सोडली. अंधारात दिसलं नाही, पण तोंडावर वाफ आली. घंगाळात हात घातला आणि काढून घ्यावा लागला. सूर्य डोंगराआड, आकाशात चांदण्या, आणि घंगाळात कालची दुपार होती.

"गार घाला थोडं," ती आत येत म्हणाली. "पोळेल मला."

मी बाहेर ओट्यावर बसलो. आतून तांब्याचा आवाज, पाणी पडल्याचा आवाज, एकामागून एक. खोकला नाही. मी एकेक तांब्या मोजत होतो आणि प्रत्येकानंतर खोकल्याची वाट बघत होतो. तो आला नाही. थोड्या वेळानं देवघरातून घंटा वाजली. हुग्गीतल्या मिरीचा वास आला. वर चांदण्या होत्या, मी मुद्दाम बघून घेतल्या. आरती म्हणताना तिचा आवाज मधे कुठे तुटला नाही. फक्त शेवटच्या ओळीला ती जरा थांबली, आणि ते दम लागल्यामुळे नव्हतं.

दिवसभर गल्लीतली माणसं येऊन पाण्यात बोट बुडवून गेली. अण्णांनी अख्खा हात घातला आणि म्हणाले, "यजमानरे, आता गायींना सांगतो, तुमची गरज नाही." माझी स्तुती झाली. मी ऐकून घेतली. पण कोणी "हे तुम्हीच केलंत?" असं विचारलं की नेहमीसारखं "मग कोणी?" असं तोंडातून निघेना. दर वेळी पीण्यातलं ते अर्धं वाक्य आठवायचं. पत्रा बसवून झाल्यावर... तिथं मी ते तोडलं होतं. त्यापायी धनुर्मासाला जेमतेम पाच दिवस उरले होते, आणि त्या पाच दिवसांत पाणी तापलं नसतं तर ती गार पाण्यानं बसली असती. हळू बोलते, पण बसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिची पूजा आटोपल्यावर, मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि एकटाच बसनं पीण्याला गेलो. शेड नुकती उघडत होती. मालक कुलूप काढत होता. मी चपला बाहेर काढल्या, आत जाऊन बाकासमोरच्या स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होतात. पत्रा बसवून झाल्यावर काय करायचं, ते. मी ऐकायला आलोय. सगळं सांगा."